सहा धावांचा हिशेब



शालेय क्रिकेटचा विषय निघाला, की ६६४ हा आकडा हमखास ऐकू येतो. १९८८ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबईच्या हॅरिस शील्ड स्पर्धेत शारदाश्रम विद्यामंदिराच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी या दोन मुलांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. हा पराक्रम मोठा आहे, यात शंका नाही. पण त्याच शाळेच्या त्याच सचिनची दुसरी एक गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. ती गोष्ट ६६४ धावांची नाही. ती फक्त सहा धावांची आहे.

ही गोष्ट सचिनने स्वतःच २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. शाळेच्या एका सामन्यात लहानग्या सचिनने २४ धावा केल्या. त्या काळी शालेय सामन्यात ३० धावा केल्या, तरच खेळाडूचे नाव वर्तमानपत्रात छापून येत असे. संघाला अवांतर धावा बऱ्याच मिळाल्या होत्या. गुणलेखकाने विचार केला, त्यांतल्या सहा धावा या मुलाच्या नावावर टाकू. संघाची धावसंख्या तीच राहील आणि मुलाचे नाव छापून येईल. सचिनने हो म्हटले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे नाव झळकले.

ते नाव त्याचे प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यांनी वाचले. दुसऱ्या एखाद्या प्रशिक्षकाने शाबासकी दिली असती. आचरेकर सर मात्र रागावले. ज्या धावा तू काढल्याच नाहीस, त्या तुझ्या नावावर कशा, असा त्यांचा सवाल होता. सचिनने चूक कबूल केली आणि पुन्हा असे होऊ देणार नाही, असे वचन दिले.

कुणी म्हणेल, सहा धावांनी काय बिघडले? सामन्याचा निकाल बदलला नाही. समोरच्या संघाचे काही नुकसान झाले नाही. मग सर एवढे का रागावले? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही. ते मला माझ्या घरातल्या एका पेटीत मिळाले. ती हकीकत आज मी तुम्हाला सांगणार आहे.

मी तुमच्यासारखाच उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकलो. सातवीत असताना तालुका पातळीवरील कबड्डी स्पर्धेसाठी १४ वर्षांखालील संघात माझी निवड झाली. मी राखीव खेळाडू होतो. तरीही आनंद एवढा झाला, की रात्री झोप लागेना. सामन्याच्या आदल्या दिवशी आमच्या खेळाच्या सरांनी माझे ओळखपत्र मागून घेतले. दुसऱ्या दिवशी मैदानावर माझ्या नावाने दुसराच मुलगा उतरला. तो नववीत होता आणि सोळा वर्षांचा होता. ओळखपत्रावर माझा फोटो काढून त्याचा फोटो चिकटवला होता. मी सरांकडे पाहिले. ते हळूच म्हणाले, “तू अजून लहान आहेस. पुढच्या वर्षी खेळ. या वर्षी शाळेची इज्जत राखायची आहे.”

मी गप्प बसलो. सर सांगतात ते बरोबरच असणार, असे मला वाटले.

सामना सुरू झाला. समोरच्या संघातला एक किरकोळ अंगाचा मुलगा चढाईला आला. माझ्या नावाने खेळणाऱ्या मुलाने त्याला कंबरेला धरून उचलले आणि जमिनीवर आपटले. तो मुलगा उठला तेव्हा त्याचा उजवा हात लोंबत होता. हाड मोडले होते. त्याला रिक्षातून दवाखान्यात नेले. पंचांनी आम्हाला एक गुण दिला. तो सामना आम्ही जिंकलो. पुढचेही सामने जिंकलो. शाळेत हारतुरे झाले. मला प्रमाणपत्र मिळाले. त्यावर सुरेख अक्षरांत माझे पूर्ण नाव लिहिले होते.

अम्मीने ते प्रमाणपत्र चौकटीत बसवून घेण्याचे ठरवले. अब्बा शिवणकाम करीत. त्यांनी मशीन थांबवून प्रमाणपत्र दोन वेळा वाचले आणि विचारले, “बेटा, तू किती गुण मिळवलेस?”

मी म्हणालो, “चार.”

मित्रांनो, मी एकही गुण मिळवला नव्हता. माझा पाय मैदानाच्या रेषेच्या आत पडलाही नव्हता. पण हातात प्रमाणपत्र होते आणि प्रमाणपत्राला शोभेल असे काहीतरी बोलणे भाग होते. सरांच्या एका खोट्यासाठी मला दुसरे खोटे बोलावे लागले. पुढचे आठ दिवस अब्बा प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्या चार गुणांविषयी सांगत होते आणि मी तिथून उठून बाहेर जात होतो. आचरेकर सर सहा धावांसाठी का रागावले, हे मला आता नीट समजते. न काढलेल्या सहा धावा कागदावर जड नसतात. त्या मुलाच्या मनावर जड होतात. पहिल्यांदा त्या खुपतात. रागावणारे कुणी नसेल, तर दुसऱ्यांदा खुपत नाहीत. धोका तिथेच असतो.

वयाचा नियम कशासाठी असतो, हे आपण समजून घेऊ. आपल्या राज्यातील शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात. हे गट केवळ सोयीसाठी केलेले नाहीत. बारा ते सतरा या वयात मुलामुलींचे शरीर झपाट्याने वाढते. उंची, वजन आणि स्नायूंची ताकद या काळात खूप बदलते. तेरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांचा मुलगा समोरासमोर आले, तर ती बरोबरीची झुंज होत नाही. कबड्डी, कुस्ती, फुटबॉल यांसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत तर लहान मुलाला गंभीर दुखापत होऊ शकते. मी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

वर्तमानपत्रांत या प्रकाराला ‘वयचोरी’ म्हणतात. शब्द अगदी योग्य आहे. कारण यात खरोखर चोरी होते. ज्या मुलाचे वय बसते, त्याची जागा चोरली जाते. वयचोरी रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०१० मध्ये एक राष्ट्रीय संहिताही आणली. काही स्पर्धांत खेळाडूच्या मनगटाचा क्ष-किरण फोटो काढतात. लहान वयात हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा थर असतो. वय वाढते तसा तो भरून येतो. त्यावरून डॉक्टर वयाचा अंदाज बांधतात. मला मात्र वाटते, की मुलाच्या हाडांना प्रश्न विचारण्याआधी मोठ्यांच्या मनाला प्रश्न विचारायला हवा.

हा रोग फक्त आपल्याकडेच आहे, असे नाही. २००१ साली अमेरिकेत १२ वर्षांपर्यंतच्या मुलांची ‘लिटल लीग’ ही बेसबॉलची मोठी स्पर्धा झाली. तीत न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील संघाकडून डॅनी अल्मोन्टे नावाचा मुलगा खेळला. त्याचे चेंडू समोरच्या मुलांना दिसेनात. संघ तिसरा आला. न्यूयॉर्क शहराने या मुलांचा मोठा सत्कार केला. पण काही दिवसांतच उघड झाले, की डॅनी बारा वर्षांचा नव्हता, चौदा वर्षांचा होता. त्याचा जन्म १९८७ चा. कागदावर मात्र १९८९ लिहिले होते. संघाचे सारे विजय रद्द झाले. डॅनीचे वडील आणि संघाचे संस्थापक यांना लिटल लीगमधून कायमचे दूर करण्यात आले.

या घटनेतल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली गोष्ट अशी, की संघातील इतर मुले खऱ्या वयाची होती. ती खरी धावली, खरी झगडली. पण एका खोट्या कागदामुळे त्यांची खरी मेहनतही पुसली गेली. दुसरी गोष्ट अशी, की कायमची शिक्षा मुलाला झाली नाही, मोठ्यांना झाली. मोठ्या माणसांनी मुलांचा वापर करून घेतला, असे त्या संस्थेच्या अध्यक्षांनी स्पष्ट म्हटले. मला हा न्याय पटतो. मुलाला खोटा कागद तयार करता येत नाही. तो मोठेच तयार करतात.

म्हणूनच माझे मत असे आहे, की शालेय खेळातील आचारसंहिता आधी शिक्षकाला लागू झाली पाहिजे आणि मग खेळाडूला.

आपल्या भाषांतले दोन शब्द पाहा. उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीत ‘तालीम’ म्हणजे कुस्तीचा आखाडा. कोल्हापुरात गेलात, तर पेठापेठांत तालमी दिसतील. तालमीत शिकवणाऱ्याला मराठीत ‘वस्ताद’ म्हणतात. हा वस्ताद म्हणजे तुमचा उस्तादच. मराठी माणसाने आखाड्याला शिक्षणाचे नाव दिले आणि कुस्ती शिकवणाऱ्याला गुरूचा मान दिला. याचा अर्थ उघड आहे. मैदान हीसुद्धा शाळा आहे. वर्गात नक्कल करू नका असे सांगणारे शिक्षक मैदानावर खोट्या दाखल्याने मुलगा खेळवत असतील, तर विद्यार्थ्याने कोणता धडा खरा मानायचा?

चांगल्या प्रशिक्षकाकडून आपण काय अपेक्षा करावी? तो कागदपत्रांत खोटेपणा करणार नाही, ही पहिली अपेक्षा. चूक झाली म्हणून तो मुलाला मारणार नाही, चारचौघांत त्याचा अपमान करणार नाही. शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा देण्यास आणि मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. मैदान शाळेचेच असते, म्हणून हा नियम मैदानावरही आहे. रागावणे वेगळे आणि मारणे वेगळे. आचरेकर सरांचा राग सचिनच्या आयुष्यभर उपयोगी पडला, कारण तो राग मुलावर नव्हता, खोटेपणावर होता.

चांगला प्रशिक्षक दुखावलेल्या मुलाला ‘अजून पाच मिनिटे खेळ’ असे म्हणत नाही. सामना दरवर्षी येतो, गुडघा पुन्हा मिळत नाही. तो फक्त दोन-तीन चांगल्या खेळाडूंवर मेहनत घेऊन बाकीच्यांना पाणी आणायला पाठवत नाही. आणि आणखी एक गोष्ट, जी मुलींनी आणि मुलांनीही नीट ऐकावी. शिकवण्याच्या निमित्ताने नको तिथे हात लावण्याचा, एकट्याला बंद खोलीत बोलावण्याचा, ‘संघात घेतो, पण कुणाला सांगू नकोस’ असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही प्रशिक्षकाला नाही. अठरा वर्षांखालील मुलामुलींच्या संरक्षणासाठी २०१२ साली खास कायदा झाला आहे. असे घडले तर दोष तुमचा नसतो. लगेच आईवडिलांना, विश्वासाच्या शिक्षिकेला किंवा मुख्याध्यापकांना सांगा. १०९८ या मोफत क्रमांकावरही मुलांना मदत मिळते.

आता खेळाडूंविषयी. तुमची संहिता लांबलचक नाही. पंचांचा निर्णय माना. निर्णय चुकीचा वाटला, तर कर्णधाराने सभ्यपणे विचारावे. इतरांनी ओरडू नये. हरलेल्या संघाला हिणवू नका. आपल्या संघातल्या मुलाकडून झेल सुटला, तर त्याला शिव्या देऊ नका. त्याचे दुःख तुमच्यापेक्षा मोठे असते. आणि सर्वांत कठीण नियम असा, की पंचांनी पाहिले नाही, पण तुम्हाला ठाऊक आहे, तिथे खरे बोला. कबड्डीत कित्येकदा चढाई करणाऱ्याचा निसटता स्पर्श पंचांना दिसत नाही. ज्याला स्पर्श झाला, त्याला तो कळलेला असतो. स्वतः हात वर करून बाहेर जाणारा खेळाडू तुम्ही पाहिला असेल, तर त्याचे नाव विसरू नका.

असे खरे वागले तर हरायला होईल, असे तुम्ही म्हणाल. होय, कधी कधी होईल. १९८० साली मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात कसोटी सामना झाला. इंग्लंडचे पाच गडी अवघ्या ५८ धावांत बाद झाले होते. मग पंचांनी बॉब टेलर या फलंदाजाला झेलबाद दिले. भारताचा कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ याला वाटले, की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्याने पंचांना निर्णय मागे घेण्याची विनंती केली आणि टेलरला परत बोलावले. टेलरने इयान बोथमबरोबर १७१ धावांची भागीदारी केली. भारत तो सामना दहा गडी राखून हरला.

विश्वनाथचे नुकसान झाले का? सामन्याचे झाले. पण आज चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी लोक त्या सामन्याची आठवण काढतात, ती विश्वनाथच्या त्या एका विनंतीसाठी. मी तुम्हाला असे खोटे आश्वासन देणार नाही, की खरे वागणारा नेहमी जिंकतो. तो हरूही शकतो. पण हरून घरी गेल्यावर ‘किती गुण मिळवलेस?’ या प्रश्नाला त्याला खरे उत्तर देता येते.

माझे काही विद्यार्थी म्हणतात, “सर, सगळेच असे करतात. आम्ही एकट्यांनी खरे वागून काय होणार? समोरचा संघ मोठी मुले खेळवतो.” त्यांचा राग मला समजतो. खेळाच्या प्रमाणपत्रावर बरेच काही अवलंबून असते. वरच्या पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात. आपल्या राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. गरीब घरातल्या मुलासाठी ही मोठी आशा असते. पण म्हणूनच तर खोटे प्रमाणपत्र हा अधिक मोठा गुन्हा ठरतो. ती जागा कुणा श्रीमंताच्या खिशातून जात नाही. पहाटे उठून अनवाणी पायांनी सराव करणाऱ्या एखाद्या खऱ्या खेळाडूच्या ताटातला तो घास असतो. समोरचा संघ खोटे करत असेल, तर सामन्याआधी लेखी तक्रार करण्याचा मार्ग आहे. तो लांबचा आहे, त्रासाचा आहे. पण चोराला चोरी करून उत्तर दिले, तर गावात दोन चोर होतात.

आता सर्वांत अवघड प्रश्न. खेळाचे सरच चुकीचे सांगत असतील, तर विद्यार्थ्याने काय करावे? आपल्या घरात उस्तादाचा आदर करायला शिकवतात आणि तो केलाच पाहिजे. पण आदर म्हणजे प्रत्येक गोष्टीला मान डोलावणे नव्हे. अदब राखूनही ‘नाही’ म्हणता येते. “सर, तुम्ही सांगाल तेवढा सराव करीन, पण दुसऱ्याच्या नावावर खेळणार नाही,” एवढे वाक्य पुरेसे आहे. एकट्याने बोलायची भीती वाटत असेल, तर संघातल्या चौघांनी मिळून बोला. घरी सांगा. सातवीत असताना हे वाक्य मला सुचले नाही. मला कुणी शिकवलेही नव्हते. म्हणून मी ते तुम्हाला शिकवत आहे.

बी.एड. करत असताना एकदा सुट्टीत घरी गेलो होतो. त्या दिवशी मी अब्बांना सारे खरे सांगून टाकले. प्रमाणपत्र खोटे आहे, चार गुण खोटे आहेत, मी खेळलोच नव्हतो. मला वाटले, ते रागावतील. त्यांनी मशीन थांबवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, “ज्याचा हात मोडला, त्या मुलाला हे कुणी सांगितले का?”

माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या मुलाचे नावही मला माहीत नाही. तो आज कुठे असेल, पुन्हा कबड्डी खेळला असेल की नाही, कोण जाणे. आपण कमी पडलो म्हणून हरलो, असेच त्याला वाटत असेल. तो कमी पडला नव्हता. त्याला फसवले गेले होते, आणि फसवणाऱ्याच्या ओळखपत्रावर माझे नाव होते.

ते प्रमाणपत्र आजही माझ्या पेटीत आहे. दरवर्षी शाळेचा संघ निघण्याच्या आदल्या दिवशी मी ते मुलांना दाखवतो. मागच्या वेळी एका मुलाने विचारले, “सर, हे फाडून का टाकत नाही?” मी म्हणालो, “कागद फाडता येईल, हिशेब कसा फाडणार?”

मित्रांनो, यंदा तुम्ही मैदानावर उतराल. जिंकण्यासाठीच खेळा. जीव तोडून खेळा. पण घरी परतताना तुमच्या नावापुढे जेवढे गुण लिहिलेले असतील, तेवढे तुमच्या घामाचेच असू द्या. चार असतील तर चार. एकही नसेल तर एकही नाही.